आणि मग पुन्हा पहिल्यापासून

हेवी मेटलचा गायक ओझी ऑस्बर्न गेला त्या पावसाळ्यात भाचा काही दिवस राहायला आला होता. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, पाठीवर सॅक आणि सॅकपेक्षा लांब गिटार. आमच्या वेळी एखाद्याच्या घरी इलेक्ट्रिक गिटार आली की आधी शेजाऱ्यांना कळायचं. आता तसं राहिलं नाही. हा गिटार लॅपटॉपला जोडतो, कानावर हेडफोन चढवतो, आणि खोलीतल्या बाकीच्यांना ऐकू येते ती फक्त तारांवर पिक आपटल्याची कोरडी टिकटिक. बाहेर पाऊस कोसळत होता, आत ही टिकटिक. बराच वेळ ती चालली, थांबली, आणि मग त्याने हेडफोन काढून माझ्या डोक्यावर बसवला. "मामा, ऐक. बसला." ओझीच्या 'मिस्टर क्राउली'मधला सोलो, म्हणजे गिटार एकटी पुढे येऊन वाजते तो भाग. ओझीचा गिटारवादक रँडी ऱ्होड्सने १९८० साली वाजवलेला. आणि खरोखरच बसला होता. एकही स्वर घसरलेला नाही, वेग पुरा, तार जिथे जेवढी ओढायची तिथे तेवढीच ओढलेली. मला आनंद झाला, थोडा हेवाही वाटला. त्या भरात त्याला म्हटलं, आता माझं एक ऐक. आणि ऱ्होड्सच्याच 'डी' या तुकड्याच्या टेक्सचं, म्हणजे स्टुडिओतल्या एकेका प्रयत्नाचं, ते रेकॉर्डिंग लावलं, ज्यात ऱ्होड्स वाजवतो, अडतो, थांबतो, स्टुडिओतल्या माणसाशी काहीतरी बोलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. भाच्याने थोडं ऐकलं आणि विचारलं, "पण चुकलेलं का ठेवलंय हे? कापून टाकायचं ना." मी इतिहास, दस्तऐवज असलं काहीतरी बोललो. त्याला ते पटलं नाही हे दिसत होतं. मलाही पटलं नव्हतं. तो चहा प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि प्रश्न माझ्याकडे ठेवून गेला.

मूळ 'डी' जेमतेम पन्नास सेकंदांची आहे. 'ब्लिझर्ड ऑफ ओझ' या अल्बममध्ये ती 'गुडबाय टू रोमान्स' आणि 'सुइसाइड सोल्यूशन' या दोन गाण्यांच्या मधे येते. ड्रम्स नाहीत, ओझीचा तो अनुनासिक, रडवेला आवाज नाही, फक्त गिटार, तीही अशी की घरात कोणी झोपलेलं असावं आणि त्याची झोप मोडू नये म्हणून वाजवावी. मी पहिल्यांदा ऐकली ती नव्वदीत, एका मित्राच्या मोठ्या भावाने भरून दिलेल्या कॅसेटवर. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर गाण्यांची नावं नव्हती, निळ्या पेनाने नुसतं 'ओझी' लिहिलेलं. त्यामुळे कित्येक वर्षं तो पन्नास सेकंदांचा तुकडा माझ्याकडे बिननावाचाच होता. पुढे कळलं की 'डी' म्हणजे डेलोरिस, ऱ्होड्सची आई.

डेलोरिस ऱ्होड्स संगीतशिक्षिका. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात 'म्युझोनिया' नावाची संगीतशाळा चालवायची. नवराही संगीतशिक्षक, पण रँडी दीड वर्षांचा असताना तो घर सोडून गेला. तीन मुलं, शाळा आणि एकटी बाई. घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता असं सांगतात, आणि मला या तपशिलाचं फार नवल वाटतं. संगीताच्या शिक्षिकेच्या घरात संगीत वाजवायचं यंत्र नाही. ज्याला ऐकायचं असेल त्याने वाजवावं. रँडीचा १९५६चा जन्म, सहा-सात वर्षांचा असताना आजोबांची जुनी गिब्सन गिटार हाती आली, आईने नोटेशन वाचता यावं म्हणून पियानोला बसवलं. पुढे म्युझोनियातच स्कॉट शेली नावाच्या शिक्षकाकडे तो इलेक्ट्रिक गिटार शिकू लागला. थोड्याच काळात शेली डेलोरिसकडे आला आणि म्हणाला, आता माझ्याकडे याला शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. ही गोष्ट चाहते अभिमानाने सांगतात, कारण तिच्यात हिरो दिसतो. मला तिच्यात आई दिसते. दुसऱ्या कुठल्याही घरी हे वाक्य पेढे वाटण्याचं झालं असतं. पण जिचा धंदाच शिकवण्याचा आहे तिला हे ऐकून काय वाटलं असेल? आपल्याच शाळेत आपल्याच मुलाला द्यायला काही शिल्लक नाही, मग आता याला पाठवायचं कुठे?

कुठे पाठवलं नाही. तो तिथेच शिकवायला लागला.

त्याच्या आयुष्याचा हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो आणि लेखांमध्ये तो बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलेला असतो. दिवसभर आईच्या शाळेतल्या छोट्या खोलीत मुलांना गिटार शिकवायची आणि रात्री स्टारवूडसारख्या क्लबमध्ये 'क्वायट रायट' या बँडबरोबर स्टेजवर चढायचं. गळ्यात ठिपक्यांचा बो टाय, अंगात ठिपक्यांचं वेस्टकोट. अंगाने किडकिडीत, उंची बेताची, केस खांद्याखाली. केली गार्नी या मित्राबरोबर बँड सुरू केला तेव्हा तो शाळकरी वयातच होता. बँडला अमेरिकेत कोणी करार देईना. दोन अल्बम निघाले तेही फक्त जपानमध्ये. त्याच शहरात, त्याच क्लबांतून वर आलेल्या व्हॅन हेलन या बँडचा पहिला अल्बम १९७८ला आला आणि एडी व्हॅन हेलनने गिटार वाजवण्याची रीतच बदलून टाकली. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच गल्लीतला माणूस एवढा मोठा होताना बघायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोणाच्या तरी बारा वर्षांच्या मुलाला पहिल्या पोझिशनचा एफ कॉर्ड दाखवायचा. ज्यांनी गिटार शिकवायचा किंवा शिकायचा प्रयत्न केला आहे त्यांना त्या एफ कॉर्डची दुपार माहीत असते. बोट आडवं दाबायचं, दोन तारा वाजतात, चार ठसठस करतात, आणि शिकवणाऱ्याने चेहऱ्यावरचा कंटाळा लपवायचा. ऱ्होड्स लपवायचा की त्याला कंटाळाच येत नव्हता, कोण जाणे. एवढं खरं की वर्षानुवर्षं शिकवल्याने प्रत्येक गोष्ट सोडवून, तुकडे करून बघायची सवय त्याला लागली असणार. त्याचे सोलो ऐकताना ते जाणवतं. वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्याच्याइतकं साफ त्या काळात फार थोड्यांकडे होतं.

ओझीने ऱ्होड्सला निवडल्याची गोष्ट तर आता दंतकथाच झाली आहे. १९७९मध्ये ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडने ओझीला काढून टाकलं. लॉस एंजेलिसमध्ये तो नव्या बँडसाठी गिटारवाला शोधत होता, म्हणजे बहुतेक वेळ हॉटेलच्या खोलीत पिऊन पडलेला होता. डाना स्ट्रम या बास वाजवणाऱ्याने ऱ्होड्सचं नाव सुचवलं. हा लेस पॉल गिटार आणि सरावाचा छोटा अँप घेऊन आला, सूर लावले, बोटं मोकळी करायला थोडं वाजवलं, आणि ओझी म्हणाला, झालं, तुझं काम पक्कं. ओझी पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत राहिला, प्रत्येक वेळी थोडी बदलून. ऱ्होड्सला सॅबथ विशेष आवडत नव्हता म्हणतात. तो ॲलिस कूपर ऐकून वेडा झालेला मुलगा. नोकरी मिळाली खरी, पण परीक्षा घेतलीच नाही अशी काहीशी त्याची अवस्था झाली असावी. शिक्षकाला हे चमत्कारिक वाटणारच.

मग इंग्लंड. तिथल्या ग्रामीण भागात रिज फार्म नावाचा स्टुडिओ, बास आणि शब्दांसाठी बॉब डेझली, ड्रम्सवर ली केर्सलेक, कीबोर्डवर डॉन एअरी, रेकॉर्डिंगला मॅक्स नॉर्मन. नॉर्मनने पुढे मुलाखतींमध्ये सांगितलेली गोष्ट गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते: ऱ्होड्स आपला सोलो एकदा वाजवायचा, मग तोच जसाच्या तसा दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. एक मध्यभागी, एक डावीकडे, एक उजवीकडे. आज हे काम यंत्र एका क्लिकवर करतं, एकाच रेकॉर्डिंगची प्रत काढून ती किंचित सरकवतं. पण प्रत काढलेला आवाज आणि माणसाने तीनदा वाजवलेला आवाज यांत फरक असतो. तीनदा वाजवलेल्यात कुठेतरी केसाएवढं अंतर राहतं, आणि त्या अंतरामुळे आवाज जाड होतो, हलता होतो, जिवंत वाटतो. 'क्रेझी ट्रेन'चा सोलो हेडफोनवर ऐकताना कधी डावा कान झाकून बघा, मग उजवा.

'क्रेझी ट्रेन'वरून आठवलं. आमच्याकडे एक जुनी पेटी आहे. एकदा सहज तिच्यावर त्या गाण्याचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, वाजवून बघितला. सा सा प सा, ध सा प सा, म ग रे ग, म ग रे आणि खालचा नी. ग, ध, नी कोमल. चक्क आसावरी थाटाचे स्वर. पेटीवर त्या रिफची गुरगुर सगळी गेली, पण हाडं तशीच राहिली, आणि ती हाडं किती नीट बसवलेली आहेत ते कळलं. पहिल्या अर्ध्या भागात प्रत्येक वेळी षड्जावर परत यायचं, दुसऱ्या अर्ध्यात उतरत जाऊन खालच्या निषादावर टेकायचं आणि तिथून पुन्हा सा. आणि मग कडवं सुरू झालं की हा पठ्ठ्या त्या कोमल गांधारालाच नवा षड्ज करतो. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणाले असते. अंधारी खोली आणि लगेच दिवाणखान्याची खिडकी उघडावी तसा उजेड पडतो, आणि ओझी त्या उजेडात आरामात गायला लागतो. यात नवीन असं काही नाही, पाश्चात्त्य संगीतात मायनरमधून त्याच्या मेजरमध्ये जाणं हा जुना, सरावाचा रस्ता आहे. पण हेवी मेटलमध्ये एवढ्या सहजतेने तो घेतलेला मी तोवर फारसा ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर 'क्रेझी ट्रेन' आता मला फार वेळा ऐकवत नाही. अमेरिकेतल्या स्टेडियमांमध्ये ते इतकं वाजलंय की त्यातली धार गेली आहे. माझ्या लेखी ऱ्होड्सची खरी उंची 'डायरी ऑफ अ मॅडमन' या दुसऱ्या अल्बमच्या शेवटच्या, त्याच नावाच्या गाण्यात आहे.

त्या गाण्याची सुरुवातीची गिटार क्यूबन संगीतकार लिओ ब्राउवर यांच्या सहाव्या एट्यूडची सरळ आठवण करून देते. एट्यूड म्हणजे विद्यार्थ्यांनी बोटं घडवण्यासाठी वाजवायची रचना. म्हणजे हेवी मेटलच्या सर्वांत काळोख्या, गुंतागुंतीच्या गाण्यांपैकी एकाच्या मुळाशी एक गृहपाठ आहे. तालही सरळ चालत नाही, मात्रा मोजायला बसलं की बोटं अडखळतात. शेवटी कोरस येतो आणि सगळं एखाद्या चर्चमध्ये नेऊन सोडतो. हा अल्बम घाईत झाला. अमेरिकेचा दौरा डोक्यावर आला होता, १९८१च्या सुरुवातीला झटपट रेकॉर्डिंग उरकायचं होतं. 'लिटल डॉल्स'मधला सोलो तर कच्चा, नुसती जागा धरून ठेवण्यासाठी वाजवलेला होता म्हणतात. नीट वाजवायला वेळच झाला नाही आणि तोच राहिला. ऱ्होड्सला ते खटकत असणार. आम्ही मात्र तो कच्चा सोलोही पक्का समजून तीस-चाळीस वर्षं ऐकतोय, त्याच्या टॅब्स, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते, लिहितोय, आणि माझ्या भाच्यासारखी मुलं तो बिनचूक बसवतायत.

दौऱ्यावरची त्याची एक सवय होती, तिच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला. नव्या शहरात बस थांबली, हॉटेलात सामान टाकलं की हा टेलिफोन डिरेक्टरीची पिवळी पानं उघडायचा. क्लासिकल गिटार शिकवणारं कोणी सापडलं की फोन करायचा, वेळ घ्यायचा आणि जाऊन धडा घ्यायचा. रात्री हजारो लोकांसमोर वाजवायचं आणि दुपारी अनोळखी माणसापुढे विद्यार्थी म्हणून बसायचं. बऱ्याचदा समोरच्या शिक्षकापेक्षा यालाच जास्त येत असायचं, आणि पैसे देऊन हाच शिकवून यायचा, असंही त्याच्या सोबतच्या लोकांनी सांगून ठेवलंय. मी त्या शिक्षकांचा विचार करत बसतो. अमेरिकेच्या मधल्या भागातलं एखादं मध्यम शहर, एखादं घर, बाहेरच्या खोलीत नोट्स ठेवायचा स्टँड, पाय ठेवायला छोटं लाकडी स्टूल. दारात लांब सोनेरी केसांचा, नम्र, हळू बोलणारा मुलगा. तो नाव सांगतो, पण शिक्षकाला त्या नावाचं काही नसतं. त्याच्या दृष्टीने आज चारची वेळ भरली एवढंच. मनगट थोडं वर घे, नख असं काप, अंगठा तारेवर टेकवून ठेव. आणि 'गिटार प्लेअर' मासिकाच्या वाचकांनी १९८१चा सर्वोत्तम नवा वादक म्हणून ज्याला निवडलं तो मुलगा मनगट थोडं वर घेतो. त्यातल्या काही शिक्षकांना पुढे कधीतरी वर्तमानपत्रात फोटो बघून कळलं असेल. काहींना कधीच कळलं नसेल.

आणि याच काळात ओझी काय करत होता? जानेवारी १९८२, डे मॉइन: प्रेक्षकांतून फेकलेल्या वटवाघळाचं डोकं चावतो. फेब्रुवारी, सान अँटोनिओ: होणाऱ्या बायकोचा झगा घालून आलामोच्या स्मारकावर लघवी करतो आणि तुरुंगात जातो. मला ओझी आवडतो, त्याच्यातल्या लोचट, घाबरट, प्रेमळ माणसासकट आवडतो. पण त्या दौऱ्याची वर्णनं वाचताना सर्कशीच्या तंबूमागे परीक्षेचा अभ्यास करणारं पोरगं डोळ्यांसमोर येतं. आणि हेही कबूल करायला हवं की सर्कस नसती तर त्या पोराचं नाव आम्हाला डोंबिवलीत, कोल्हापुरात, नागपुरात कधी कळलंच नसतं. वटवाघळाची बातमी जगभर गेली. तिच्या मागोमाग एट्यूड गेलं. या दोन्हींचं काय करायचं हे मला अजून नीट जमलेलं नाही. पण सोबतच्यांच्या सांगण्यावरून ऱ्होड्सचं मात्र ठरत आलं होतं. रॉकमधून काही काळ बाजूला व्हायचं आणि विद्यापीठात क्लासिकल गिटारची पदवी घ्यायची. ओझीला वेड लागलं असावं असं वाटलं. एवढे पैसे, एवढं नाव, आणि हा कॉलेजात जायचं म्हणतो!

१८ मार्च १९८२ला टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला कार्यक्रम झाला. बस रात्रभर चालून फ्लोरिडात लीसबर्गला आली, बसकंपनीच्या मालकाच्या जागेत थांबली. तिथे छोटी धावपट्टी होती, छोटी विमानं होती. बसचा ड्रायव्हर अँड्र्यू एकॉकला विमान चालवता येत होतं. १९च्या सकाळी त्याने परवानगी न घेता बीचक्राफ्ट बोनान्झा बाहेर काढलं. पहिली फेरी एअरी आणि दौऱ्याच्या व्यवस्थापकाला घेऊन. दुसऱ्या फेरीत ऱ्होड्स आणि मेकअप व कपड्यांचं बघणारी रेचेल यंगब्लड. ऱ्होड्सला विमानाची भीती वाटायची. वरून फोटो काढायचे आणि आईला पाठवायचे म्हणून तो चढला असं सांगतात. एकॉकने थांबलेल्या बसवरून अगदी कमी उंचीवर विमान नेण्याचा खेळ सुरू केला, बसमध्ये बाकीचे झोपलेले. एका फेरीत पंख बसला घासला. विमान झाडावर, तिथून शेजारच्या बंगल्याच्या गॅरेजवर. तिघंही गेले. एकॉकच्या रक्तात कोकेन सापडलं. ऱ्होड्सचं वय पंचवीस.

यापुढचं सगळं मला थोडं अवघडून टाकतं. पंचविशीत गेलेला कलावंत हा लोकांचा लाडका असतो, कारण तो आपल्याला कधी निराश करत नाही. त्याचा वाईट अल्बम येत नाही, पोट सुटत नाही, मुलाखतीत मूर्खासारखं बोलत नाही. ओझीबरोबर दोनच स्टुडिओ अल्बम, आणि त्यांच्यावर एवढा मोठा इमला. १९८७ला ओझीने दौऱ्यांतल्या रेकॉर्डिंगचा 'ट्रिब्यूट' अल्बम काढला. त्याच्या मुखपृष्ठावर ओझीने वाजवत्या ऱ्होड्सला कमरेत धरून वर उचललंय. तो फोटो कितीजणांच्या भिंतीवर होता! २०२१ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सन्मान झाला. टॉम मोरेलो या गिटारवादकाने आपल्या मुलाचं नावच ऱ्होड्स ठेवलं. गिटार बनवणाऱ्या ग्रोव्हर जॅक्सनकडून रँडीने बनवून घेतलेली ती पांढरी, शार्कच्या पंखासारखी टोकदार गिटार ही 'जॅक्सन' नावाखालची पहिली गिटार ठरली, आणि आज मुंबईतल्या दुकानातही तिचं स्वस्त भावंड टांगलेलं दिसतं. उलट बाजूही आहे. दुसऱ्या अल्बमवर बास आणि ड्रम्स वाजवलेल्या डेझली आणि केर्सलेकची नावंच घातली नाहीत, फोटो छापले दौऱ्यावरच्या नव्या वादकांचे. पुढे पैशांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००२च्या आवृत्तीत तर त्या दोघांचं वाजवणं पुसून दुसऱ्यांकडून नव्याने वाजवून घेतलं. ऱ्होड्सची गिटार तेवढी जुनी, आणि तिच्याखाली कधीही न भेटलेल्या माणसांचा ताल. त्या आवृत्त्या ऐकताना गिटार अधांतरी वाटते. चाहत्यांनी बोंब ठोकल्यावर २०११मध्ये मूळ रेकॉर्डिंग परत आलं. मेलेल्या माणसाचं चुकलेलं जपून ठेवणारे आणि जिवंत माणसांचं बरोबर वाजवलेलं पुसून टाकणारे लोक एकच होते, ही गंमत मला विसरता येत नाही.

५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ओझी सिंहासनात बसून शेवटचं गायला. उभं राहता येत नव्हतं. त्याने स्वतःच्या नावाची पाच गाणी म्हटली, त्यांतली चार 'ब्लिझर्ड ऑफ ओझ'मधली. पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीतून निवड करायची वेळ आली तेव्हा तो त्या किडकिडीत मुलाकडेच गेला. २२ जुलैला ओझी वारला. भाच्याने 'मिस्टर क्राउली' शिकायला घेतलं ते तो कार्यक्रम फोनवर बघून. मी त्याला नंतर विचारलं, हा सोलो कसा बसवलास? म्हणाला, व्हिडिओ हळू करून, चार-चार स्वर, पुन्हा पुन्हा, शंभर वेळा चुकून. मग त्या शंभर वेळांचं रेकॉर्डिंग आहे का तुझ्याकडे? "वेडा आहेस का मामा, ते कोण ठेवेल?" आणि हसला. मी 'डी' पुन्हा लावली नाही. पण 'ट्रिब्यूट'वर ती कुठे ठेवली आहे ते बघण्यासारखं आहे: तासाभराचा गोंगाट, हजारोंच्या आरोळ्या, पेटलेले सोलो, हे सगळं झाल्यावर अगदी शेवटी. त्यात त्याचा बोलण्याचा आवाज आहे. कोणालाही भारून टाकायचं नसलेला, कामात असलेल्या माणसाचा आवाज. तो अडतो त्याचं त्याला वाईट वाटत नाही, की नाटकही करत नाही. लाखो लोक त्याला ज्या रूपात ओळखतात त्यात तो कायम वर उचललेला आहे. इथे मात्र खुर्चीत बसलाय. आईसाठी एक छोटी गोष्ट नीट वाजवायची आहे आणि ती अजून नीट होत नाहीये. भाचा म्हणतो ते कापून टाकलं असतं तर आम्हाला फक्त पन्नास सेकंदांतला तयार मुलगा मिळाला असता. तो छानच आहे. पण पिवळी पानं चाळणारा मुलगा मला या टेक्समध्येच ऐकू येतो.

मुलगा गेल्यावरही डेलोरिसने म्युझोनिया बंद केली नाही. जगभरातून चाहते नॉर्थ हॉलिवूडला यायचे, ती त्यांना मुलाच्या वस्तू दाखवायची, आणि शेजारच्या खोल्यांमध्ये मुलं शिकत असायची. २०१२ला ती वारली, नव्वदी ओलांडून. म्हणजे मुलाच्या पाठीमागे ती तीस वर्षं जगली, त्याच्या सगळ्या आयुष्याहून जास्त. २०१९च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या रात्री शाळेत चोरी झाली. रँडीची पहिली इलेक्ट्रिक गिटार, हार्मनी रॉकेट, गेली. जुने अँप गेले, फोटो गेले. ओझीने पंचवीस हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. काही दिवसांत त्यातलं बरंचसं परत मिळालं, काही वस्तू तर तिथल्याच एका कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकलेल्या सापडल्या. बातम्यांनी अर्थातच गिटारबद्दल लिहिलं. चोरीला गेलेल्या वस्तूंच्या यादीत खाली आणखी एक नोंद होती: डेलोरिसचं पहिलं ट्रम्पेट, महामंदीच्या काळातलं. ती यादी वाचेपर्यंत मला तिच्याबद्दल जे माहीत होतं ते सगळं कोणाची तरी आई म्हणून. आता मात्र विचारावंसं वाटतं, महामंदीत, घरोघरी पैशांची चणचण असताना, एका लहान मुलीला ट्रम्पेट कोणी घेऊन दिलं असेल, आणि तिला शिकवलं कोणी?